टेबल संपलं, मॅडम!

प्राथमिक शाळेत बरीच वर्षं काढली की किस्से असे साठत जातात, जशी दप्तराच्या तळाशी पेन्सिलींची टोकं! मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण दप्तर झटकलं की पडतातच. रविवारी अकोल्याला आमच्या घरी दोन-चार शिक्षक मैत्रिणी जमल्या की चहा यायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "ए, तुझ्या त्या मोर्शीकडच्या पोरांचं सांग ना!" अन् मग माझं दप्तर झटकलं जातं.

मोर्शीपासून आत, संत्र्याच्या बागांमधल्या एका गावात आमची शाळा होती. पहिली ते चौथी. 'होती' म्हणते खरी, पण शाळा अजून तिथंच आहे. मीच नाही. मागच्या वर्षी माझी बदली बाळापूरकडं झाली. ती पण ऑनलाइन! ज्या कॉम्प्युटरचं मी पोरांना शिकवत होते, त्यानंच मला तिथून उचललं. नवरा खूश, सासूबाई खूश, अकोल्याहून रोजचं जाणं-येणं जमतं. मीही खूश आहे, असं सगळ्यांना सांगते.

तिथं पोषण आहाराच्या तांदळाची खोली रिकामी करून राऊत सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, कॉम्प्युटरची खोली केली होती. देणगीत आलेले जुने कॉम्प्युटर, एक टॅब अन् एक इन्व्हर्टर. खोलीला कायम तांदळाचा वास! पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा अन् इंटरनेटवर जपून कसं राहायचं तेही शिकवायचं, हे काम माझ्याकडं आलं. कारण शाळेत शिक्षक आम्ही दोघंच, अन् सर पहिल्याच दिवशी हात जोडून म्हणाले, "मॅडम, मले तं रिमोटनं टीव्ही बंद करता येत नाही!"

*

पहिला धडा माउसचा. माउस सरकवला की स्क्रीनवरचा बाण सरकतो, एवढंच शिकवायचं होतं.

सगळ्यात आधी आचल येऊन बसली. तिसरीतली पोरगी, पण बोलण्यात अख्ख्या शाळेची सरपंच. मी म्हटलं, "आचल, तो बाण पार तिकडच्या कोपऱ्यात ने बरं."

तिनं माउस धरला, जीभ बाहेर काढली, सरकवत सरकवत टेबलाच्या काठापर्यंत नेला अन् थांबली. बाण अजून अर्ध्या रस्त्यात.

"मॅडम, टेबल संपलं!"

मी काही बोलायच्या आत मागून वेदांत उठला. त्यानं शेजारचा बाक खर्रकन ओढला, टेबलाला चिकटवला अन् म्हणाला, "घे, आता ने!"

माउस उचलून पुन्हा मागे ठेवायचा असतो, हे मी नंतर सगळ्यांना दाखवलं. आचलला काही ते पटलं नाही. बाकावरून नेलेला बाणच तिच्या मते खरा पोचला होता!

आता माझ्या नव्या शाळेत भिंतीएवढा टच बोर्ड आहे. बोट लावलं की सगळं सरकतं. तिथं कोणाचंच टेबल संपत नाही.

*

दुसरा मोठा धडा पासवर्डचा. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पासवर्ड आई-बाबांशिवाय कोणालाही सांगायचा नाही.' पोरांनी ते एकसुरात म्हटलं, पाढ्यासारखं.

तेवढ्यात राऊत सर फेरी मारत आले. परीक्षा घ्यायची त्यांना भारी हौस! आचलच्या खुर्चीमागं उभं राहून त्यांनी विचारलं, "काय ठेवला वं पासवर्ड?"

"नाई सांगत."

"अवं, मी हेडमास्तर हावो!"

"तुमी हेडमास्तर हा. पण माये बाबा थोडीच हा!"

सर इतके खूश झाले की ऑफिसात जाईपर्यंत त्यांचं हसू थांबेना. "मॅडम, तुमचं शिकवणं पक्कं हाय," असं दारातून वळून सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी आचल कॉम्प्युटरपुढं बसली अन् नुसतीच बसून राहिली. मी विचारलं, "काय झालं?" तर डोळ्यात पाणी. "मॅडम, भुलली मी. काय ठेवला होता तं आठवूनच नाही राहिलं."

मागून अख्खा वर्ग ओरडला, "अवं, एस, ए, एन, टी, आर, ए! संत्रा!"

टाइप करताना एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायची सवय होती ना तिला!

अन् पलीकडं ऑफिसातून राऊत सरांचा आवाज आला, "अन् त्याच्यापुढं वन टू थ्री लावजो बाई!"

*

टॅबवर एक मजा होती. आपण बोललो की तो मराठीत लिहायचा. मी पोरांना म्हटलं, "बोला, काय बोलायचं ते बोला."

सम्यक पुढं आला. चौथीतला, शांत पोरगा, सगळं नीट विचार करून करणारा. टॅबजवळ तोंड नेऊन तो हळूच म्हणाला, "मले पाणी पायजे."

टॅबनं लिहिलं, 'मळे पाणी पायजमे.'

हसून हसून पोरं बाकाखाली! मग वेदांतनं दम दिल्यासारखं विचारलं, "काऊन बे?" म्हणजे 'का रे?' टॅबनं लिहिलं, 'कावळे.' मग तर काही विचारू नका. जो तो येऊन त्या टॅबच्या तोंडाशी ओरडायला लागला अन् तो बिचारा काहीच्या काही लिहायला लागला.

शेवटी आचलनं निकाल दिला. "मॅडम, हा टॅब पुण्याचा दिसते!"

पण पोरं हुशार. दोन-तीन दिवसांत शिकली. टॅबपुढं आली की पाठ ताठ करून, आवाज बदलून म्हणायची, "मला पाणी पाहिजे." टॅब बरोबर लिहायचा. टॅब खाली ठेवला की पुन्हा, "ए, मले पाणी दे ना बे!"

माझी लेक पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. घरी होती तोवर आजीसारखं 'मले'च म्हणायची. दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. "मम्मी, मला सुट्टी नाही मिळणार गं." मी म्हटलं बरं. फोन ठेवल्यावर किती तरी वेळ मला सुट्टीचं वाईट वाटतच नव्हतं. 'मला'चंच वाटत होतं!

*

आता वेदांतचा किस्सा ऐका. हा माझ्या मैत्रिणींचा सगळ्यात आवडता.

मधल्या सुट्टीत वेदांत घरी गेला होता, शाळेमागंच घर त्याचं. आबाजी, म्हणजे त्याचे आजोबा, ओट्यावर फोन धरून बसलेले. पलीकडून कोणीतरी हिंदीत सांगत होतं, आपका बिजली का कनेक्शन आज कट जाएगा, मोबाइलवर एक नंबर आला असेल तो सांगा. आबाजी बिचारे चष्मा शोधत होते.

वेदांतनं त्यांच्या हातातून फोन घेतला अन् म्हणाला, "अंकल, रुको. हमारे मॅडम को पूछ के बताता!"

अन् फोन तसाच चालू ठेवून पोरगं पळत शाळेत! मी डबा उघडून पहिला घास घेत होते. समोर वेदांत, हातात फोन, मागं अर्धी शाळा.

"मॅडम, हे ओटीपी मांगून राहिले. देऊ का?"

एवढ्यात सगळ्या पोरांनी कोरसमध्ये धडा म्हटला, "ओटीपी कोणालाही सांगायचा नाही!" फोन स्पीकरवर! पलीकडचा माणूस गांगरला. "कौन है? बच्चों को हटाओ वहाँ से..."

मी खूण केली, कट कर. पण वेदांतला एक शंका होती. शंका ठेवून फोन ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"अंकल," त्यानं अगदी मनापासून विचारलं, "तुम्हारे स्कूल में मॅडम नहीं थी क्या?"

पलीकडं एकदम शांत. मला वाटलं फोन कापला. पण नाही, मागं कुठंतरी पंखा खडखडत होता, तो ऐकू येत होता.

मग तो माणूस हळूच म्हणाला, "थी."

अन् फोन ठेवला.

आबाजींसोबत बसून तो नंबर आम्ही सायबर पोलिसांना कळवला, त्यांचा एक पैसा गेला नाही, सगळं नीट झालं. वेदांत मात्र दिवसभर सगळ्यांना सांगत फिरत होता, "थी म्हणते बे! मंग आयकलं काऊन नाही तिचं?"

तो डबा मी तसाच परत नेला त्या दिवशी.

*

व्हिडिओ कॉलचा तास झाला की पोरं घरी जाऊन शिकवणी घ्यायची. सम्यकनं त्याच्या आजीला शिकवायला घेतलं. सम्यकचा काका फौजेत. तिकडं वर, बर्फात. नेटवर्क आलं की त्याचा कॉल यायचा.

सम्यक वर्गात येऊन वैतागला होता. "मॅडम, आजी आयकतच नाही. व्हिडिओ कॉल लागला का फोन कानाले लावते. काकाले नुसता तिचा कान दिसते!"

"मग सांग ना तिला, समोर धर म्हणून."

"सांगतलं ना! तं म्हणते, समोर धरल्यावर आयकू कसं येईन?"

वर्ग हसला. मीही हसले. म्हटलं, आज पुन्हा दाखव, फोन पाण्याच्या घागरीला टेकवून ठेव, म्हणजे ती उचलणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय, जमलं का आजीला?"

सम्यक म्हणाला, "मी टेकवून ठेवत होतो, तं काका नाही म्हणे."

"का?"

"म्हणे, राहू दे सम्या. लहानपणी चुकलो का याच कानात सांगत होतो मी, बाबाले आयकू जाऊ नये म्हणून. लय दिवसानं पाहून राहिलो."

मग त्यानं मला सरळ विचारलं, "मॅडम, मंग आजी फोन चुकीचा धरते का बरोबर?"

मी फळ्याकडं वळले अन् तारीख लिहायला लागले. तारीख सकाळीच लिहिलेली होती!

*

दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकायचा नाही, हे शिकवलं त्याच आठवड्यात राऊत सरांनी वर्गाचा छान फोटो काढला अन् हौसेनं गावाच्या ग्रुपवर टाकला. झालं! आचल ऑफिसात हजर.

"सर, तुमी आमाले इचारलं का?"

दुसरे कोणी असते तर तिला वर्गात पिटाळलं असतं. राऊत सरांनी चष्मा काढला, फोटो ग्रुपवरून काढला अन् मोबाइल हातात घेऊन वर्गात आले. एकेका बाकापाशी जाऊन फोटो दाखवून विचारायला लागले, "टाकू का रे? टाकू का वं?" पोरं नवरदेवासारखी लाजत हो म्हणत होती.

आचलपाशी आले. तिनं फोटो नीट पाहिला.

"माया नकार हाय."

"काऊन बाई? चांगली तं दिसून राहिली तू!"

"आकाश नाही यात."

आकाश तिच्या बाकावर बसायचा. दिवाळी झाली की त्याचे आई-बाप वीटभट्टीवर कामाला जायचे, अन् हा पोरगाही त्यांच्यासोबत. त्याची जागा आचल कोणाला देत नव्हती. तिथं ती तिचं दप्तर ठेवायची.

सर म्हणाले, "तो तं आता उन्हाळ्यात येईन."

"मंग उन्हाळ्यात टाका."

सरांनी मान हलवली. "ठीक हाय. उन्हाळ्यात काढू पुन्हा, सगळ्यांचा."

त्या उन्हाळ्यात आकाश आला नाही. त्याच्या बापाला तिकडंच बारमाही काम मिळालं, तिथल्याच शाळेत त्याचं नाव घातलं असं कळलं. चांगलंच झालं म्हणायचं, त्याची शाळा तरी बुडत नाही आता. आचलला हे सांगितलं. तिनं दप्तर मात्र तिथून उचललं नाही.

मागं सरांशी फोनवर बोलताना मला तो फोटो आठवला. म्हटलं, "सर, मला पाठवा ना तो. मला पाहायचाय."

सर म्हणाले, "परवानगी नाही ना मॅडम!"

*

अन् शेवटचा तन्वीचा. हा सांगायला बसले की माझ्या मैत्रिणी आधी हसतात.

तन्वी चौथीत होती. बारीक आवाजाची, कधी हात वर न करणारी. तिचे बाबा, गजानन, सुरतेला कापड गिरणीत कामाला. आई बागेत मजुरीला. घरात एकच फोन, तो दिवसा तन्वीच्या ताब्यात. रोज संध्याकाळी बाबांचाच कॉल यायचा, इकडून लावायची पद्धत नव्हती. पोळ्याला येतो म्हणाले, नाही आले. दिवाळीला पक्का येतो म्हणाले, नाही आले. शाळेच्या स्नेहसंमेलनात तन्वीचा नाच होता. आईनं कुणाची तरी चमकी लावलेली चुन्नी मागून आणली. बाबा म्हणाले, "आता तं काहीही झालं तरी येतोच, बाळा." पोरगी स्टेजवर नाचत होती अन् नाचता नाचता फाटकाकडं पाहत होती. त्यांचीही काही मजबुरी असेल. सुट्टी मिळाली नसेल, मिळाली तर मजुरी कापली जात असेल. मला ते कळत होतं.

त्यानंतर काही दिवसांनी माझा धडा होता फसवणाऱ्या नंबरांचा. मी पोरांना विचारलं, "फसवणारा माणूस कसा ओळखायचा?"

पोरं पटापट सांगायला लागली. "लय गोड बोलते!" "बक्षीस देतो म्हणते अन् देत नाही!" "आज देतो, उद्या देतो करते!"

"शाब्बास! मग अशा नंबरचं काय करायचं?"

"ब्लॉक!"

ब्लॉक कसं करायचं ते मी टॅबवर दाखवलं. त्या दिवशी पहिल्यांदा तन्वीनं हात वर केला. "मॅडम, पुन्हा दाखवा ना."

मी कौतुकानं पुन्हा दाखवलं.

पुढच्या आठवड्यात, दुपारी, ओसरीवर पंगत बसली होती. पोरं खिचडी खात होती. फाटकापाशी एक माणूस आला. पाठीला सॅक, दाढी वाढलेली, अंगावरचे कपडे रात्रभराच्या प्रवासानं चुरगळलेले. पळतच आला असावा, धापा टाकत होता.

"मॅडम, तन्वी बरी हाय ना? मी गजानन, तिचा बाप."

"बरी आहे की! का हो?"

"घरचा फोनच लागून नाही राहिला. चार-पाच दिवस झाले. शेजारी इचारलं तं ते म्हणते सगळे ठीक हायेत, पण माया काही जीव लागेना. पोरीले काही झालं अन् माह्यापासून लपवून राहिले, असंच वाटलं. मालकाले न सांगता गाडीत बसलो, बडनेऱ्याले उतरलो, तसाच आलो."

पंगतीत तन्वी ताट घेऊन बसली होती. तिनं बापाला पाहिलं होतं. घास हातातच होता, पण ती उठली नाही.

गजानन तिच्यापुढं उकिडवा बसला. तिच्या तोंडावरून, हातांवरून नजर फिरवली, सगळं जागेवर आहे का पाहिलं. मग विचारलं, "बाळा, घरचा फोन काऊन नाही लागत?"

"म्या ब्लॉक केला तुमाले."

"मले? काऊन वं?"

"मॅडमनं सांगतलं, जो आज देतो, उद्या देतो करते, त्याले ब्लॉक कराचं."

गजाननानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात खिचडीचा मोठा चमचा होता, तो तसाच राहिला. शेजारी राऊत सर होते, त्यांनी पोरांना वाढायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

गजानन हसला. म्हणजे हसायला गेला. डोळे पुसले, नाक ओढलं, अन् तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बरं केलं. बापाले ब्लॉकच कराले पायजे. आता आलो ना मी? जेव, मंग घरी जाऊ, अन् तो ब्लॉक काढून टाक माय."

तन्वीनं हातातला घास तोंडात घातला. नीट चावला, गिळला. मग बापाकडं पाहून म्हणाली,

"नाही काढत. काढला तं तुमी पुन्हा जासान."